दुसऱ्याकडून करवून घेताना



मंडळाने मला विषय दिला, 'नव्या वस्तूचे संशोधन बाहेरून करवून घेणे'. मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. पण या बाबतीत एकदा हात पोळले आहेत, म्हणून होकार दिला.

पंधराएक वर्षांपूर्वी बाग सेवनियातल्या माझ्या दवाखान्यासाठी कॅलेंडुलाचे मलम मी एका कारखान्याकडून बनवून घेत असे. व्यवहारात याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. माल त्यांचा, लेबल आपले. अट एकच होती : मलमात मधमाशीचे मेण किंवा लोकरीची चरबी नको. आम्हा जैनांना ते चालत नाही. अट तोंडी होती, लेखी काही नव्हते. दोन वर्षांनी आमच्या समाजातल्या एका आजींनी विचारले, "डॉक्टरसाहेब, यात नक्की आहे तरी काय?" मी फोन लावला. घटक केव्हाच बदलले होते, मेण होते. तोवर किती जणांना मी "निर्धास्त लावा" म्हटले असेल! आधी राग कारखान्यावर आला. मग ध्यानात आले, मलम कशाने घट्ट होते हे मलाच ठाऊक नव्हते. म्हणून तर रोज बोटाने लावूनही बदल ओळखता आला नाही.

अभ्यासकांनी हे फार आधी मांडून ठेवले आहे. रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारले की बाजारात सगळे विकत मिळत असताना कंपन्या असतातच कशाला? त्यांचे उत्तर असे की माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे यालाही खर्च येतो. पुढे १९९० मध्ये कोहेन आणि लेव्हिन्थल यांनी दाखवले की बाहेरचे ज्ञान उचलायला घरात त्याच विषयाचे थोडेफार ज्ञान आधीच असावे लागते. हे वाचले तेव्हा माझे मलम आठवले.

आता पुण्याचे उदाहरण. माझ्या काही सहव्यवसायी मित्रांना लसीचे वावडे आहे, मला नाही. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या, साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार दगावले. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' या संस्थेने गेट्स फाउंडेशनच्या सात कोटी डॉलर्सवर लसीचा प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकी देशांचे म्हणणे स्पष्ट होते : एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त परवडणार नाही. त्या भावात मोठ्या पाश्चात्य कंपन्यांशी काही जमले नाही.

मग काम वाटले गेले. जंतूच्या आवरणातली शर्करा अॅमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून आली. नुसत्या शर्करेला लहान मुलाचे शरीर दाद देत नाही, तिला प्रथिनाची जोड लागते. ती जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेत तयार झाली. उत्पादन हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे. सीरमचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जाऊन ती पद्धत हाताने शिकून आले. जोडायचे प्रथिन होते टिटॅनसचे, आणि टिटॅनसची लस सीरम आधीपासून बनवत होती. कोहेन-लेव्हिन्थल म्हणतात ते घरातले ज्ञान हेच. पुढे शर्कराही पुण्यातच बनू लागली.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांनी ही लस घेतली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाच्या मेनिंजायटिसचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. २०१२ मध्ये तर ही लस चार दिवसांपर्यंत चाळीस अंश तापमानात ठेवायला परवानगी मिळाली. जिथे बर्फ पोहोचत नाही अशा गावांना याचे मोल विचारा.

आपल्यापैकी अनेकांचे वडील 'भेल'मध्ये होते. त्या कारखान्याची सुरुवातही १९५६ मध्ये एका ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने झाली. बाहेरून घेण्यात कमीपणा नाही. पण घेणाऱ्याने शिकायला बसले पाहिजे. मी बसलो नाही.

मलमाच्या डब्या मी परत मागवल्या. एकोणीस आल्या. सर्वांत आधी त्या आजींची आली, अर्धी वापरलेली. पैसे देऊ लागलो तर त्या म्हणाल्या, "पैसे राहू द्या. पुढच्या वेळी आधी विचारून मग द्या."