पूर्वजांचा पट
(देवस्थानच्या महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



श्रींच्या उत्सवाच्या निमित्ताने दूरदूरची घराणी एकत्र जमतात. पालखी निघते, ओट्या भरल्या जातात, प्रसाद होतो, आणि अग्रशाळेच्या ओसरीवर बसल्या बसल्या कोणी वडीलधारा एखाद्या तरुणाला विचारतो, "बाळा, तू कोणाचा?" तरुण वडिलांचे नाव सांगतो. "ते कोणाचे?" या दुसऱ्या प्रश्नाला तो आजोबांचे नाव सांगतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. तरुण हसतो आणि वडीलधारा विषय बदलतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हा तिसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच एका महाजन घराण्यातील शिक्षिकेने तयार केलेल्या एका खेळाची हकीकत येथे सांगावयाची आहे. सदर बाईंनी आपले नाव जाहीर करू नये अशी इच्छा व्यक्त केल्यामुळे त्यांचा उल्लेख केवळ 'बाई' असाच होईल.

बाई अंत्रुज महालात मराठी प्राथमिक शाळेत शिकवितात. चवथीच्या सुट्टीत त्यांच्या घरी पंचवीस-तीस माणसे जमतात. पाच दिवस घर भरलेले असते. परंतु आरती आणि जेवण आटोपल्यावर मुले एका खोलीत व म्हातारी माणसे दुसऱ्या खोलीत, असा प्रकार त्यांना दरवर्षी दिसे. दोघांना एका चटईवर बसविण्यासाठी काही तरी हवे होते. पटावरून शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. सापशिडी म्हणून आज मुले जो खेळ खेळतात त्याचे मूळ मोक्षपटात आहे, आणि महाराष्ट्रातील परंपरा मोक्षपटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वर माउलींकडे देते. त्या पटांवर सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत. वैष्णवांचे बहात्तर घरांचे आणि जैनांचे चौऱ्यांशी घरांचे पटही सापडतात. १९व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि पुढे त्यातील मोक्ष गळून केवळ साप व शिड्या उरल्या. बाईंनी विचार केला की, पटावर माणूस मोक्षापर्यंत पुढे जाऊ शकतो, तर पूर्वजांपर्यंत मागे का जाऊ शकणार नाही?

त्यांनी एका जाड पुठ्ठ्यावर मध्यभागी तुळशीवृंदावन काढले. ते खेळणाऱ्या मुलाचे घर. त्याभोवती चार वलये आखली. पहिल्या वलयात आईवडिलांची दोन घरे, दुसऱ्यात आजे-आज्यांची चार, तिसऱ्यात पणजे-पणज्यांची आठ आणि चौथ्यात खापरपणजे-खापरपणज्यांची सोळा. अशी एकूण तीस घरे. फाशाच्या जागी चार कवड्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरे सोंगटी पुढे जाते. मात्र घरात बसण्याचा हक्क केवळ कवडीने मिळत नाही. त्या घरातील पूर्वजाचे नाव, गाव आणि त्याच्याविषयी एक खरी गोष्ट, असे तिन्ही सांगावे लागते, आणि खेळात बसलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याने त्याला साक्ष द्यावी लागते. साक्ष मिळाली नाही तर त्या घरावर चिंचोका ठेवावयाचा, म्हणजे हे घर अजून अंधारात आहे असे समजावयाचे.

या पटावर शिडी आहे ती दस्तऐवजाची. जन्मनोंदीचा दाखला, जुनी जन्मपत्रिका, वाटणीच्या वेळचा इन्व्हेंतार, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील नोंद, यांपैकी काहीही हाती असल्यास सोंगटी एकदम वरच्या वलयात चढते. आणि साप? साप ऐकीव थोरवीचा. "आमचा मूळपुरुष राजाचा दिवाण होता," असे सांगून पुरावा देता आला नाही की सोंगटी थेट वृंदावनाशी परत! या नियमामुळे पहिल्याच दिवशी घरातील दोन ज्येष्ठ सद्गृहस्थ किंचित रुष्ट झाले, असे सांगतात.

दुसरा साप सारख्या नावांचा. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली प्रथा असल्यामुळे एकाच घराण्यात विठ्ठल रामकृष्ण आणि रामकृष्ण विठ्ठल ही नावे पिढ्यान्पिढ्या आलटून पालटून येतात. सांगणाऱ्याच्या मनात दोन विठ्ठलांचा एक विठ्ठल होतो आणि मधली एक अख्खी पिढी नाहीशी होते. म्हणून नावासोबत एखादे साल, निदान एखादी ओळखीची घटना सांगितल्यावाचून ते घर मिळत नाही.

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच संध्याकाळी पटाने एक गोष्ट उघड केली. वडिलांच्या वडिलांची ओळ भराभर उजळली. महाजनकीच्या नामावलीमुळे ती सर्वांना पाठ होती. परंतु चौथ्या वलयातील सोळा घरांपैकी ती ओळ एकाच घरात जाऊन थांबते. उरलेल्या पंधरांपैकी बहुतेक घरांवर चिंचोके होते. विशेषतः स्त्रियांच्या घरांवर.

याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आपल्या देवस्थानांचा कारभार १९३३च्या नियमावलीस अनुसरून चालत आला, त्यापूर्वीही १८८६ पासून नियम होते, आणि महाजनांच्या नामावल्या त्या नियमांखाली तयार झाल्या. पुष्कळ देवस्थानांच्या नामावलीत पुरुषांचीच नावे आढळतात. धर्मकृत्यात मात्र आपण तितके कृपण नाही. तर्पणाच्या वेळी पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही व प्रपितामही यांचा आणि मातामहाकडील पिढ्यांचाही उच्चार होतो. परंतु तेथेही स्त्रीचे नाव येते ते सासरचे आणि गोत्र येते ते पतीचे. लग्नात नाव बदलले, अक्षतांबरोबर माहेरचे नाव मागे राहिले, आणि दोन पिढ्यांनंतर ती कोणाची कोण हे सांगणारे कोणी उरले नाही.

बाईंच्या घरात तिसऱ्या वलयातील एका पणजीचे घर असेच अंधारात होते, आणि नवल असे की ती पणजी जिवंत होती. नव्वदीच्या घरातील ती वृद्धा त्याच ओसरीच्या कोपऱ्यात वाती वळीत बसलेली होती. सर्व घर तिला 'आजी' म्हणत असे. सासरचे नाव सर्वांना ठाऊक होते; माहेरचे नाव कोणीही विचारले नव्हते. दहा वर्षांच्या पणतूची सोंगटी त्या घरात पडली तेव्हा त्याने उठून तिच्यापाशी जाऊन विचारले, "आजी, तुझें नांव कितें?" तिने प्रथम सासरचेच नाव सांगितले. "तें न्हय, पयलींचें!" वृद्धेच्या हातातील वात थांबली. मग तिने आपले नाव सांगितले, आईचे सांगितले, आईच्या आईचेही सांगितले, आणि ती मंडळी काळी नदीच्या पलीकडून, कारवारच्या बाजूने, होडीने कशी येत असत तेही सांगितले. सत्तर वर्षांत त्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी मुलांनी तिला त्याच नावाने हाक मारली आणि तिने ओ दिली.

पटावरील दोन चिंचोके उचलले गेले. पुढच्या चवथीला ती वृद्धा नव्हती. तो प्रश्न एक वर्ष उशिरा विचारला गेला असता तर ती दोन घरे कायमची अंधारात राहिली असती.

यानंतर बाईंनी शोध कागदपत्रांकडे वळविला. गोव्यात १९१४ पासूनच्या नागरी नोंदी आहेत, आणि पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत बालकाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावे येतात. म्हणजे जे नामावलीने वगळले ते निबंधकाच्या पुस्तकाने जपले. मात्र ते वाचावयाचे तर कान बदलावे लागतात. कामत तेथे 'कामोतीं' होतात, शेणवी 'सिनाय' होतात, प्रभू 'पोरोबो' होतात; आणि शांता हे नाव शोधावयाचे तर पोर्तुगीज 'शीश' या अक्षराखाली पहावे लागते. लिसेंवात शिकलेली पिढी आता विरळ होत चालली आहे. ते हस्ताक्षर आणि ती भाषा वाचणारे जे थोडे वृद्ध अजून आहेत, त्यांच्याजवळ मुलांनी एक-एक दाखला घेऊन बसावे.

त्याहून मागे जावयाचे तर पणजीतील पुराभिलेखागार आहे. त्याची स्थापना १५९५ सालची, आणि इतिहासकार दियोगु द कोऊतु हा त्याचा पहिला रक्षक. साष्टी व बारदेशातील पाडलेल्या देवळांच्या जमिनींच्या याद्या १५६७च्या फोरालांत आहेत. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदोड्यास आला तो याच काळात. देवांबरोबर घराणीही निघाली. कोणी अंत्रुजात थांबले, कोणी बेळगाव-कारवारकडे गेले, कोणी मंगळूर-कोचीपर्यंत पोहोचले. पटावर बाईंनी याचे एक स्वतंत्र घर केले आहे. त्याचे नाव 'देव हलले ते घर'. त्या घरात पोहोचणाऱ्याने आपल्या कुलदेवतेचे मूळ गाव आणि आताचे गाव, दोन्ही सांगावयाची असतात.

येथे थोडे गणित. त्या स्थलांतराला साडेचारशेहून अधिक वर्षे झाली. एका पिढीला तीस वर्षे धरली तर पंधरा पिढ्या होतात. प्रत्येक पिढीत पूर्वजांची संख्या दुप्पट होते, या हिशेबाने पंधराव्या पिढीत प्रत्येकाचे ३२,७६८ पूर्वज भरतात! थोड्याशा गावांतील, आपापसांत सोयरिक करणाऱ्या घराण्यांत इतकी वेगवेगळी माणसे असणे शक्य नाही. अर्थ असा की तीच माणसे अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. ज्याला आपण परके घराणे म्हणतो त्याची आणि आपली पणजी मागे कोठे तरी एकच असते. मानपानावरून आणि पालखीच्या अग्रहक्कावरून न्यायालयापर्यंत जाणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पहावे.

शाळेत मात्र बाईंनी हा पट नेला नाही, आणि त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. वर्गात कोणाचे वडील नसतात, कोणी मामाच्या घरी वाढलेला असतो, कोणाच्या पूर्वजांची नावे लिहून ठेवण्याची तसदीच समाजाने घेतली नाही. तेथे हा खेळ मांडला तर तो लहान-मोठेपणाची मोजपट्टी होईल. म्हणून शाळेत त्यांनी कोरी वलये दिली आणि सांगितले, "ज्यांनी तुला वाढविले त्यांची नावे लिही." घरच्या पटावरही दत्तक गेलेल्यासाठी त्यांनी दोन वाटा ठेविल्या आहेत, जन्माची एक आणि मायेची एक. दोन्ही वाटांनी सोंगटी पुढे जाते.

महाजन बंधुभगिनींनो, खेळाला खर्च एका पुठ्ठ्याचा आणि चार कवड्यांचा. घरोघरी असा पट मांडला जावा, त्यात सुनांच्या माहेरच्या नावांना जागा मिळावी, आणि भरलेल्या पटाची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी यावी, एवढीच सूचना या प्रसंगी समितीपुढे नम्रपणे ठेवावयाची आहे. देवळाच्या चौघड्याची, दिवटीची, फुलांची सेवा पिढ्यान्पिढ्या करणाऱ्या घराण्यांचे पटही त्याच दप्तरात असावेत. नामावली हक्क सांगते. या दप्तराने ऋण सांगावे.

आज घरी परतल्यावर प्रत्येकाने घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला तिचे पहिले नाव विचारावे. कोपऱ्यात बसलेल्या त्या माउलीच्या हातातील वात क्षणभर थांबेल. ती थांबू द्यावी, आणि ऐकावे.

श्रींच्या कृपेने सर्व घराण्यांचे कल्याण असो. शुभं भवतु.