पेडल काय सांगतंय, ते पायाला विचारा

आजचा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तर हरकत नाही, पण यातल्या टेस्ट मात्र गाडी सपाट जागेवर उभी करूनच करा.

मागच्या दिवाळीत आई-बाबांना घेऊन मी ताम्हिणीमार्गे माणगावला निघालो होतो. गाडी बाबांची जुनी हॅचबॅक. घाट उतरताना मी चौथ्या गिअरमध्ये आणि पाय सारखा ब्रेकवर. एका वळणाआधी पेडल दाबलं, तर ते उशी दाबावी तसं मऊ होऊन आत गेलं. पटापट दोन-तीनदा पंप केलं तेव्हा गाडीने थोडा धर घेतला. मग एक-एक गिअर खाली आणत, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला थांबवली. आई काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं मला.

गंमत म्हणजे अर्ध्या तासाने पेडल एकदम ठीक! आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू खाली उतरलो. गॅरेजमध्ये मी सांगितलं, "ब्रेक लागत नाहीत." त्यांनी पॅड बघितले, चांगले आहेत म्हणाले. आता मी सॉफ्टवेअरवाला. कुणी नुसतं "ॲप चालत नाही" म्हटलं की मी वैतागतो, आणि इथे मी तेच केलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकने नेमकं विचारलं, "पेडल मऊ झालं की कडक? आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय?" बाबा म्हणाले, "ते बदलतात का?"

तिथेच उत्तर होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ. थंड झाल्यावर वाफेचा परत द्रव, म्हणून पेडल ठीक!

आता बाकीची लक्षणं ऐका.

गाडी थंड असतानाही पेडल मऊ लागतंय? लाइनमध्ये हवा शिरली असेल. ती काढून घ्यावी लागते.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली बसत गेलं? कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचे आतले सील गेलेत. ऑइलची पातळी आणि चाकांच्या आतली बाजू बघा. बाहेर गळती नसेल तर संशय मास्टर सिलिंडरवर. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

पेडल दगडासारखं कडक? इंजिन बंद करून चार-पाचदा पेडल दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासून घ्या.

ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरतंय? बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मात्र करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडलं तर तो एबीएस असतो. घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा.

आमच्या गाडीचं ऑइल बदललं, खर्च पॅडच्या सेटपेक्षाही कमी आला. बऱ्याच गाड्यांना ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. बाबांना, काकांना, ज्यांची गाडी असेल त्यांना विचारा, "ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" उत्तर आठवत नसेल, तर पुढच्या घाटाआधी गॅरेज गाठा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!