तेलाचा तवंग आणि निर्णयाचा अधिकार

(अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

समुद्रात तेल सांडले की प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे मानले जाते. वस्तुतः तो अग्रक्रमाचा प्रश्न असतो. सारेच वाचविणे शक्य नसते; मग काय वाचवावयाचे आणि नुकसान कोणाच्या पदरी टाकावयाचे?

१८ मार्च १९६७ रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापुढील सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. जहाजात सुमारे १,१९,००० टन खनिज तेल होते. ब्रिटिश शासनाजवळ पुरेशी पूर्वयोजना नव्हती. ईस्टरची सुटी तोंडावर आलेली. पर्यटकांसाठी पुळणी स्वच्छ झाल्या पाहिजेत, या घाईत सुमारे १०,००० टन प्रक्षालके समुद्रात व किनाऱ्यावर ओतली गेली. पुढे संशोधनात आढळले की, किनाऱ्यावरील जीवसृष्टीची हानी तेलापेक्षा या रसायनांनीच अधिक केली. फवारणी न झालेले खडक दोन-तीन वर्षांत सावरले. फवारलेल्यांना दशकाहून अधिक काळ लागला. फ्रान्सने मात्र कालवांचा व्यवसाय ध्यानी घेऊन प्रक्षालकांचा वापर मर्यादित ठेवला. तेल तेच होते. कोणाची उपजीविका हिशेबात धरली, एवढाच फरक.

रसायने सर्वथा त्याज्य आहेत, असा याचा अर्थ नव्हे. खोल पाण्यात ती तवंग विखरून किनारा वाचवू शकतात. उथळ खाडीत, मासळीच्या विणीच्या जागी तीच घातक ठरतात. शिवाय तेल लाटांत घुसळून घट्ट झाले की त्यांचा उपयोग फारसा उरत नाही. विचाराला अवधी मिळतो तो काही तासांचा. म्हणून कोणती खाडी आधी राखावयाची, रसायन कोठे वर्ज्य, खर्च कोणी सोसावयाचा, हे अपघातापूर्वीच ठरले पाहिजे.

भारतात १९९३ पासून राष्ट्रीय योजना आहे. समुद्रातील कारवाईचे संयोजन तटरक्षक दलाकडे आहे. तरीही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा शेकडो टन तेल सांडले. ते खारफुटीपर्यंत पोचले, आणि गिऱ्हाइकाने मासळीकडे पाठ फिरविल्याचा फटका कोळी कुटुंबांना बसला.

भरती-ओहोटीचे आणि विणीच्या जागांचे पिढीजात ज्ञान या कुटुंबांपाशीच आहे. त्यांना भरपाईच्या रांगेत शेवटी उभे करण्याऐवजी योजना आखतानाच स्थान मिळाले पाहिजे. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे : तेलगळतीची योजना मराठीत उपलब्ध आहे काय? शेवटचा सराव केव्हा झाला? आणि त्या वेळी मच्छिमार सहकारी संस्थांना बोलावले होते काय?