गोंगाटातले बोलणे आणि दोन कान



पनवेल स्थानकाच्या फलाटावरून घरी फोन लावा. गाडीचा खडखडाट, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, वर ध्वनिक्षेपकावरील घोषणा; तरीही पलीकडच्या माणसाला आपले बोलणे बरेचसे समजते. हे कसे घडते?

आवाज नुसता मोठा करून हे साधत नाही, कारण बोलण्याबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा होतो. म्हणून आजच्या बहुतेक मोबाईलमध्ये एकाहून अधिक मायक्रोफोन असतात. एक खाली तोंडाजवळ, दुसरा वरच्या बाजूस किंवा पाठीमागे. आपले बोलणे खालच्यात जोराने पोचते, वरच्यात क्षीण. दूरचा गोंगाट मात्र दोहोंत जवळजवळ सारखाच. या फरकावरून फोन गोंगाट ओळखतो आणि कमी करतो.

दुसरीही एक रीत आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन मायक्रोफोन ३४ सेंटिमीटर अंतरावर ठेवले, तर समोरच्या वक्त्याचा आवाज दोहोंत एकाच वेळी पोचतो. बाजूचा आवाज दुसऱ्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका उशिरा येतो. दोहोंची बेरीज केली की वक्त्याच्या लहरी एकमेकींना बळ देतात, इतर लहरींचा मेळ तसा जमत नाही. वक्ता एका बाजूला असेल, तर एका मायक्रोफोनचा संकेत तेवढाच थांबवून मग बेरीज करतात. पुणे जिल्ह्यात खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे रेडिओ संकेत असेच वेळ जुळवून एकत्र आणतात.

विद्यार्थी मित्रांनो, निसर्गाने हीच सोय आपल्याला दोन कानांच्या रूपाने दिली आहे. अनेकजण बोलत असताना आपण एकाचेच बोलणे कसे वेचून घेतो, याचे प्रयोग कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केले.

आता पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट. ज्या मुलाचा एक कान अधू आहे, त्याला घरच्या शांततेत सारे ऐकू येते. म्हणून दोष ध्यानात येत नाही. भरलेल्या वर्गात मात्र त्याचे शब्द निसटतात. मग “याचे लक्ष नसते” असा शिक्का बसतो, आणि हुशार मूल मागे पडते. मूल वारंवार “काय?” विचारत असेल, नेहमी एकच कान पुढे करत असेल, कान वाहत असेल, तर कानात तेल घालू नका, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. अनेक श्रवणयंत्रांतही आज दोन मायक्रोफोन असतात.

आम्ही शिक्षकांनी अशा मुलाला पुढच्या बाकावर, चांगला कान आमच्याकडे येईल असे बसवावे. त्याला खर्च काहीच नाही. मात्र मुलाचा कोणता कान अधू आहे, हे पालकांनी आम्हांला न संकोचता सांगितले पाहिजे.