पाल्याची हजेरी, आरोग्य आणि शाळेचा प्रवास
(ऐरोली येथे संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्याकडे जो विषय सोपविला आहे तो टाळ्या मिळविणारा नाही. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर आपल्या समाजात उत्तम बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. आमचा संबंध रकान्यांशी, तारखांशी आणि सह्यांशी. तेव्हा शाळेच्या ज्या लहानसहान गोष्टींवरून मुलाचे वर्ष वाया जाते किंवा वाचते, त्याच आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव पटावर चढले. रजिस्टरमध्ये त्या नावापुढे १९१४ हा क्रमांक आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळण्याचे ठरविले. तो शाळाप्रवेश आपल्याला अभिमानाचा वाटतो आणि तो वाटावाच. परंतु नाव पटावर चढणे वेगळे आणि मूल रोज वर्गात बसणे वेगळे. रामजी सुभेदारांनी या दोन्ही गोष्टी सांभाळल्या, म्हणून पुढचा इतिहास घडला.

हजेरीचा प्रश्न जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. पुढे १९९२ साली महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील मागासवर्गीय मुलींसाठी, त्या शाळेत याव्यात म्हणून, दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. एकदा न येण्याचा रुपया भरायचा, एकदा येण्याचा रुपया मिळायचा. दोन्ही वेळा राज्यकर्त्यांना कळलेली गोष्ट एकच होती, की घरातली अडचण आणि शाळा यांच्या ओढाताणीत मूल सहसा घरी राहते.

आता थोडा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. एखादे मूल महिन्याला दोनच दिवस घरी राहिले तर आपल्याला काही वाटत नाही. पण दहा महिन्यांत ते २० दिवस होतात, म्हणजे जवळजवळ एक महिन्याची शाळा बुडते. गणितात अपूर्णांक ज्या आठवड्यात शिकविले त्या आठवड्यात मूल गावच्या लग्नाला गेले असेल, तर पुढे टक्केवारी आणि व्याज आले की ते अडते. मग आपण म्हणतो, याला गणित येत नाही. त्याला गणित न यायला काही झालेले नसते. तो त्या दिवशी वर्गात नव्हता, एवढेच.

दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणासारख्या कारणासाठी सवलत मागता येते, पण त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्या त्या वेळी शाळेत दिलेले असले पाहिजे. फेब्रुवारीत धावाधाव करून मागच्या जुलैचा दाखला मागितला तर कोणता डॉक्टर देईल? दहावीनंतरच्या भारत सरकार शिष्यवृत्तीलाही हजेरीची अट आहे. आणि महिन्याहून अधिक काळ सतत न येणारे मूल सरकारी हिशेबात शाळाबाह्य धरले जाते. गावी जायचेच असेल तर जाण्याआधी वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी. दोन ओळी पुरतात. फोनवरून सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही.

आमचे कार्यकर्ते वस्तीत फिरतात तेव्हा गैरहजेरीची कारणे ऐकतात. धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नाही, गणवेश वाळला नाही, बस चुकली, पोटात दुखते. यातले शेवटचे कारण पालकांना खोटे वाटते. आमचे म्हणणे असे, की दर सोमवारी किंवा एका ठरावीक तासाच्या दिवशीच पोट दुखत असेल, तर रागावण्याआधी शाळेत जाऊन चौकशी करावी. कोणी मारते का, कोणी चिडविते का, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही का, हे बघावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास बंदी केली आहे. त्यामुळे तक्रार करणे हा आपला हक्क आहे, उद्धटपणा नव्हे.

आरोग्याकडे वळताना प्रथम पाण्याविषयी बोलू. बाबासाहेबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की शाळेचा शिपाई हजर असेल तरच त्यांना पाणी मिळत असे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. आज नळाला हात लावायला कोणी अडवीत नाही. तरीही अनेक मुली सकाळपासून घरी येईपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण शाळेचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. त्यातून लघवीची जळजळ, ताप, पोटदुखी सुरू होते. मासिक पाळीच्या दिवसांत तर मुली घरीच थांबतात. पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे ही शाळेने पुरवायचीच आहेत, तसे कायद्याच्या परिशिष्टातच आहे. पालकसभेत फी आणि सहल यांच्याआधी हा विषय मांडा. वडिलांनी मांडला तर अधिक बरे. हा प्रश्न फक्त आयांचा आहे अशी समजूत का असावी?

शासनाचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. सरकारी व महापालिकेच्या शाळांत डॉक्टरांचे पथक येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि पथकाने एखादी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात चुरगळू देऊ नका. जंतनाशकाची गोळी चावून खायची असते. आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गोळी जेवल्यावर घ्यायची. तिने शौचाला काळे होते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. ती बहुतेक पालक विसरतात, कारण तान्ह्या मुलाचे लसीकरण कार्ड तोवर हरवलेले असते. ऐरोलीत महापालिकेचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. तेथील केसपेपर फाईलला लावून ठेवावेत.

हजेरी हवी म्हणून आजारी मुलाला शाळेत ढकलावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस, आणि कांजिण्यांच्या सर्व खपल्या सुकेपर्यंत मूल घरी राहिले पाहिजे. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लस न घेतलेल्या मुलांना तिने गाठले होते, हे आपण पाहिलेच आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या माणसांत बोलली जात नाही. विदर्भातून पोटापाण्यासाठी इकडे आलेली अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. तिकडे आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. अशा मुलाचे हातपाय, सांधे एकाएकी असह्य दुखतात, डोळे पिवळसर होतात, ते लवकर थकते. कवायतीच्या तासाला ते खाली बसले तर सरांना वाटते कामचुकार आहे. रक्ताच्या तपासणीत हा आजार कळतो. कळला तर शाळेला लेखी कळवावे. अशा मुलाला भरपूर पाणी हवे, फार ऊन, फार थंडी, फार धावपळ नको. लग्न जमायला अडचण येईल म्हणून मुलीचा आजार लपविणारे पालक असतात. दुखण्याचा झटका वर्गात आला तर तिला काय होत आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नसते, याचा विचार त्यांनी करावा.

आता प्रवास. आपली ऐरोली सिडकोच्या आखीव सेक्टरांची आहे, पण शाळेत येणारी सगळी मुले सेक्टरांतली नाहीत. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या चिंचपाडा, यादवनगरसारख्या वस्त्यांतून मुले येतात. हा एमआयडीसीचा रस्ता. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर, कंटेनर यांची गर्दी. मुलांनी कुठून ओलांडायचा हे एकदा आपण स्वतः त्यांच्या बरोबर चालून, त्यांच्याच वेळेला, ठरवावे. रविवारी दुपारी पाहिलेला रस्ता आणि सोमवारी सकाळचा रस्ता एक नसतो.

स्कूल बससाठी महाराष्ट्रात २०११ सालचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तीत पालकांचा प्रतिनिधी असतो. बसमध्ये मदतनीस हवा, मुली असतील तर स्त्री मदतनीस हवी, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक हवे. आपल्या शाळेच्या समितीत पालक प्रतिनिधी कोण आहे, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? बस कंत्राटदाराची आहे, आमचा संबंध नाही, असे शाळेने म्हटले तर समितीची बैठक कधी झाली एवढेच विचारावे. आणि आपलेही एक सांगतो. थोडे पैसे वाचतात म्हणून मुलांनी खचाखच भरलेल्या, बाहेर दप्तरे लोंबणाऱ्या रिक्षेत आपण आपले मूल बसवितो, तेव्हा नियम मोडणारा एकटा रिक्षावाला नसतो.

लहान मुलांना घरी एक शिकवून ठेवा. बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून धावायचे नाही. चालकाला उंच जागेवरून अगदी पुढ्यातले बुटके मूल दिसत नाही. बस निघून जाऊ द्यावी, मग रस्ता ओलांडावा. थांब्यावर घ्यायला येणारे माणूस शक्यतो रस्त्याच्या त्याच बाजूला उभे असावे. पलीकडून हाक मारली की मूल धावतेच.

मोठी मुले एनएमएमटीच्या बसने जातात. पाससाठी शाळेचे बोनाफाईड लागते. जूनच्या पहिल्याच आठवड्यात ते घ्यावे. ऐरोलीत आता मोठमोठी आयटी पार्क आहेत, सकाळी नोकरदारांची झुंबड असते. दप्तर घेतलेल्या मुलाला कोणी वाट देत नाही. एक बस आधीची पकडण्याची सवय लावणे हाच उपाय. एखादी बस थांब्यावर थांबत नसेल तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून लेखी तक्रार द्यावी. पाच पालकांच्या सह्या असल्या तर उत्तर लवकर येते, हा आमचा टेबलाच्या आतल्या बाजूचा अनुभव आहे. प्राथमिक वर्गांबाबत सांगायचे तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे ठरविले. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू. दप्तराचे ओझेही मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. घरच्या वजनकाट्यावर एकदा तोलून पाहा.

२६ जुलै २००५ च्या पावसात अनेक मुले रात्रभर शाळांत आणि बसमध्ये अडकून पडली होती. तेव्हापासून आम्ही सांगत आलो आहोत, की मुलाच्या कंपासपेटीत एक कागद असावा. त्यावर आईवडिलांचा आणि शेजाऱ्याचा फोन, रक्तगट आणि एखाद्या औषधाची अॅलर्जी असल्यास तिचे नाव लिहावे. मोबाईलची बॅटरी उतरते, कागदाची उतरत नाही. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असावा. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे उघडकीस आले, त्यानंतर तरी प्रत्येक शाळेत तक्रारपेटी आहे का, शासनाच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणे सखी सावित्री समिती आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये.

शेवटी आमच्या खात्यातले. शिष्यवृत्तीचे पैसे आता थेट बँकेत येतात आणि अडतात ते बहुधा नावामुळे. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसते अक्षर. पहिलीतच या तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख जुळवून घ्यावी. दहावीनंतर दुरुस्ती फार जिकिरीची होते. आधारवरील बोटांचे ठसे वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. दोन वर्षे व्यवहार नसला तर खाते निष्क्रिय होते, म्हणून अधूनमधून पन्नास रुपये तरी भरावे किंवा काढावे. घर बदलले, शाळा बदलली, दाखला मिळायला उशीर झाला, तरी आठवीपर्यंत त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नाही या कारणानेही नाकारता येत नाही. नाकारला तर लेखी मागा; लेखी मागितले की बरेचदा प्रवेश मिळतो.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा संस्थेच्या कार्यालयात आमचे दोन-तीन सहकारी अर्ज भरून देण्यासाठी बसतात. येताना मुलाचे आधार, पासबुक, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक आणि जातीचा दाखला यांच्या झेरॉक्स आणाव्यात. मूळ कागद दाखवून परत न्यावेत, ठेवून जाऊ नयेत. मूल मोठे असेल तर त्यालाही बरोबर आणावे आणि अर्ज त्यालाच भरू द्यावा.

जय भीम!