नाणं कुठलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या कपाटात एक चांदीचं नाणं आहे. आकारानं जुन्या चार आण्याएवढं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला पुरुषाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री. चेहरा रोमचा सम्राट तिबेरियस याचा. त्याची कारकीर्द इसवी सन १४ ते ३७. नाण्याला वरच्या बाजूला एक बारीक भोक आहे. कोणीतरी ते दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं असावं.

हे नाणं मी १९८७ साली, तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सराफ्यात घेतलं. मी बँकेत नोकरीला होतो आणि नाणी जमवण्याचा नाद नुकताच लागला होता. ओळखीचे एक सराफ मोडीत आलेल्या चांदीतून वेगळं काही दिसलं, की माझ्यासाठी बाजूला ठेवत. त्या दिवशी मी आनंदानं पैसे मोजले, घरी आलो, चिंच लावून नाणं लख्ख घासलं. अक्षरांच्या खाचेतली माती मोरीतून वाहून गेली.

पुढे काही वर्षांनी ते एका जाणकारांना दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, कडेवरून बोट फिरवलं. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ राहते; तशी इथे नव्हती. नाणं अस्सल होतं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘सापडलं कुठे?’’ मला सांगता येईना. मी सराफ्यात गेलो, तर ते सराफ वारले होते आणि दुकानही उरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, ठिकाणाला एवढं काय महत्त्व? तर ऐका. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक दर्यावर्द्यानं आपल्या समुद्राची माहिती लिहून ठेवली आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं तो सांगतो. पैठणहून रंगीत दगड आणि तगरहून कापड गाड्यांनी भडोचला जाई. तिकडून मद्य, तांबं, शिसं येई आणि रोमची सोन्याचांदीची नाणीही. भारतात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकानं केली आहे. चार सेस्टर्सचा एक दिनार, म्हणजे माझ्या कपाटातल्यासारखी सव्वा कोटी नाणी!

मात्र या नाण्यांचे मोठे साठे सापडले ते बहुतेक दक्षिणेत, कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात. आपल्याकडे ती फार थोडी मिळतात. इथे आलेली चांदी वितळवून तिची इथली नाणी पाडली गेली असावीत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणूनच मराठवाड्यात मिळालेलं एखादं रोमन नाणंही मोलाचं. पण ते मराठवाड्यात मिळालं, हे ठाऊक हवं ना!

नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहनांनी नहपानाचं राज्य जिंकलं, याचा तो ठळक पुरावा ठरला. ही नाणी मोडीत सुटी सुटी विकली गेली असती, तर एवढी मोठी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली असती?

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावात मिळालेल्या वस्तू जमवल्या. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तिथे आहे. तेरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकंही मिळाली आहेत, ओवायची सोय असलेली. म्हणजे परदेशी राजाचा मुखवटा इथली माणसं हौसेनं अंगावर मिरवत होती. किंमत मातीचीच, पण गाव ठाऊक असल्यामुळे ती पदकं बोलतात. माझं चांदीचं नाणं मुकं आहे. त्याचं भोक दोन हजार वर्षांपूर्वीचं, की कोणा आजीबाईनं परवा-परवा पाडलेलं, हेसुद्धा मला सांगता येत नाही.

म्हणून या छंदात येणाऱ्या मुलांना माझं सांगणं आहे. नाणं घासू नका. विकणाऱ्याला आधी गाव विचारा आणि ते त्याच दिवशी लिहून ठेवा. शेतात किंवा पायाच्या खोदाईत काही सापडलं, तर वाटून घेऊ नका. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी जमिनीत मिळाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असं १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. आणि १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

माझं प्रत्येक नाणं मी आता कागदाच्या पाकिटात ठेवतो आणि त्यावर माहिती लिहितो. तिबेरियसच्या पाकिटावर लिहिलं आहे : ‘सराफा, १९८७. सापडल्याचं ठिकाण – विचारलं नाही.’