घडणावळ : दागिन्यातील हाताचे मोल

(शेगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नघरी वधूच्या पायांत जोडवी चढतात, बारशाला बाळासाठी वाळे येतात आणि देवघरात कुलदेवतेचे टाक पुजले जातात. आपल्या जिल्ह्यातील तांड्यांवर बंजारा भगिनींच्या केसांत चांदीची घुगरी सौभाग्याची खूण म्हणून मिरवत आली आहे. या वस्तूंचे वजन थोडे असते. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ फार मोठा असतो. धातूला हा अर्थ देणाऱ्या हाताची आपण किती कदर करतो, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही कला आपल्या भूमीत नवी नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदन येथे 1973 साली झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन मणी मोठ्या संख्येने सापडले. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीकासारखे खडे गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत तयार होणारा हा दगड घासून, भोक पाडून, झिलई देऊन मणी करणारे कुशल हात दोन हजार वर्षांपूर्वीही या प्रदेशात होते.

आजचा कारागीरही त्याच चिकाटीने काम करतो. चांदी सुमारे 962 अंश सेल्सियसला वितळते. मुशीत रस करून ती साच्यात ओततात, मग ऐरणीवर ठोकून तिचा पत्रा करतात किंवा जंतराच्या एकाहून एक लहान छिद्रांतून ओढून तार काढतात. ठोकताना धातू कडक होतो. म्हणून त्याला पुनःपुन्हा ताव द्यावा लागतो. ताव कमी पडला तर पत्रा तडकतो, अधिक झाला तर तो वितळू लागतो. सवागी लावून डाक देताना तर क्षणाचाही अंदाज चुकून चालत नाही. खडा बसवायचा असेल, तर कोंदणाची कड खड्याला न दुखावता दाबावी लागते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ते वडीलधाऱ्या कारागिराजवळ वर्षानुवर्षे बसून येते.

शेगावापासून जवळच असलेले खामगाव 'रजतनगरी' म्हणून ओळखले जाते. हा लौकिक तेथील चांदीच्या शुद्धतेवर उभा राहिला. शुद्ध चांदी मऊ असल्याने दागिन्यात बहुधा तांबे मिसळतात. 1000 भागांत 925 भाग चांदी हे त्याचे सर्वपरिचित प्रमाण. सप्टेंबर 2025 पासून चांदीच्या दागिन्यांच्या हॉलमार्कलाही ऐच्छिक स्वरूपात सहा अक्षरांकांच्या ओळखचिन्हाची जोड मिळाली आहे. ग्राहकांनी या चिन्हाचा आग्रह धरावा, हे उचितच होय.

परंतु हॉलमार्क धातूची साक्ष देतो, हाताची नव्हे. ग्राहक वजनाचा भाव निमूटपणे देतो आणि घासाघीस करतो ती घडणावळीवर. जुना दागिना मोडीत देताना तर केवळ धातूचाच हिशेब होतो. धातूचे दर चढले की गिऱ्हाईक हलका आणि यंत्रावर काढलेला माल घेते, आणि हातकामाची मागणी घटते. धोरणांचा भारही याच हातावर पडतो. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली, तेव्हा असंख्य सुवर्णकारांवर बेकारीची पाळी आली. पुढे 1968 साली झालेला सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. परंतु मधल्या काळात ज्यांनी ऐरण सोडली, त्यांच्या मुलांच्या हाती ती पुन्हा आलीच असे नाही.

येथे आपले कर्तव्य सुरू होते. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सोनारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आणि 5 टक्के व्याजाने प्रथम 1 लाख व नंतर 2 लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका स्तरावर होते. म्हणजे अर्ज पुढे सरकणे वा अडकून पडणे हे प्रथम आपल्याच हाती आहे. गावात हातकाम करणारा कोण आणि केवळ विक्री करणारा कोण, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पडताळणी वेळेत आणि निःपक्षपातीपणे व्हावी.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच, की कार्यानुभवाच्या तासाला गावातील कारागिराला शाळेत सन्मानाने बोलवावे. तार कशी ओढली जाते हे एकदा पाहिलेले मूल पुढे ग्राहक झाल्यावर घडणावळीला वायफळ खर्च म्हणणार नाही. त्यातले एखादे मूल कदाचित ऐरणीपाशी बसण्याची उमेदही धरील.

चांदी बाजारात पुन्हा विकत मिळेल. परंतु एका पिढीत थांबलेला हात पुढच्या पिढीला कोणत्याही भावाने विकत घेता येणार नाही, याचे भान आपण सर्वांनी ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.